चिठ्ठीची पत

बेळगावातून खानापूर रस्त्याने निघालेल्या मनुष्यास बाजारपेठेची गर्दी मागे पडून रुंद रस्ते, जुनी डेरेदार झाडे आणि प्रशस्त आवारांतील बंगले दिसू लागले, म्हणजे कॅम्प आला हे वेगळे सांगावे लागत नाही. १८१८ साली जनरल मन्रो याच्या फौजेने बेळगावचा किल्ला घेतला. पुढे १८३२ मध्ये येथे इंग्रजांची कायमची छावणी झाली आणि छावणीबरोबर तिचा सारा परिवारही आला. साहेबाचा बंगला उभा राहिला म्हणजे खानसामा, आया, भिस्ती, धोबी, माळी आणि घोडेवाला हे ओघानेच आले. पलटणी मात्र स्थिर नसत. आज आलेला साहेब दोन-चार वर्षांनी दुसऱ्या ठाण्यास जाई आणि त्याचे नोकर नव्या साहेबाच्या दारी उभे राहत. ह्या सर्वस्वी अनोळखी माणसांवर नव्या धन्याने विश्वास कसा टाकावा? हिंदुस्थानातील सर्वच छावण्यांत ह्या प्रश्नाचे एक उत्तर रूढ झाले होते. नोकर फडक्यात जपून बांधलेला एक कागद पुढे करी. जुन्या धन्याने जाताना लिहून दिलेली ती शिफारस असे. इंग्रज तिला 'चिट' म्हणत. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' ह्या प्रसिद्ध कोशात ह्या शब्दाचे मूळ आपल्या 'चिठ्ठी'पर्यंत नेऊन भिडविले आहे.

त्या चिठ्ठीची आठवण आज होण्यास तसेच कारण आहे. कॅम्पातील बेकरीवाला असो, निपाणीचा व्यापारी असो, की खानापूरच्या रानात पाहुण्यांसाठी घर चालविणारा गृहस्थ असो, त्याचे गिऱ्हाईक आज दुकानाच्या पाटीपूर्वी गूगलसारख्या शोधयंत्राकडे पाहते. शोधयंत्राने ज्याचे नाव वर दाखविले त्याचे दार वाजते. ज्याचे नाव दहाव्या पानावर गेले तो असून नसल्यासारखा होतो. हा क्रम ठरविताना यंत्र अनेक गोष्टी पाहते. त्यांतील एक जुनी आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की इतर संकेतस्थळांनी ह्या स्थळाकडे बोट दाखविणारे दुवे दिले आहेत काय, आणि ते कोणी दिले आहेत. ह्या बाहेरून येणाऱ्या दुव्यास 'बॅकलिंक' असे नाव आहे. नाव नवे असले तरी वस्तू जुनीच आहे. तीही एक चिठ्ठीच होय. आणि चिठ्ठीच्या इतिहासात जे जे बरे-वाईट घडले, ते ते सर्व दुव्यांच्या लहानशा इतिहासातही घडले आहे.

छावणीतील चिठ्ठ्यांची गत पुढे काय झाली हे इंग्रजांच्या तत्कालीन आठवणींतून आणि गृहव्यवस्थेवरील पुस्तकांतून चांगले कळते. चिठ्ठीवाचून नोकरी नाही असे ठरताच चिठ्ठीचा बाजार सुरू झाला. एकाची चिठ्ठी दुसरा वापरू लागला. नावात थोडे साम्य असले म्हणजे काम भागे. चिठ्ठ्या उसन्या मिळत, भाड्याने मिळत आणि दोन पैसे टाकल्यास लिहूनही मिळत. ज्या साहेबाची सही असे तो केव्हाच विलायतेस गेलेला असल्यामुळे खरेखोटे विचारण्याची सोय नसे. याच्या उलटही एक गंमत घडे. इंग्रजी न वाचता येणारा बिचारा नोकर मोठ्या अभिमानाने जो कागद दाखवी, त्यात कधी कधी त्याच्या आळसाचे आणि हातचलाखीचेच वर्णन असे. पाहणाऱ्याने कागदांची केवळ संख्या मोजली तर ही निंदाही स्तुतीच्या खाती जमा होई.

तथापि चिठ्ठीचा उज्ज्वल इतिहासही याच बेळगावात घडलेला आहे. १८९२ च्या ऑक्टोबर महिन्यात एक तरुण बंगाली संन्यासी कोल्हापूरहून बेळगावास आला. कोल्हापूर दरबारचे खाजगी कारभारी गोळवलकर यांनी बेळगावचे वकील भाटे यांच्या नावे दिलेली चिठ्ठी त्याच्याजवळ होती. आणि कोल्हापुरास तो आला होता तो भावनगर दरबारची चिठ्ठी घेऊन. भावनगरने कोल्हापुरास सांगितले, कोल्हापुराने बेळगावास सांगितले. भाट्यांनी आपल्या पाहुण्याची गाठ हरिपद मित्र ह्या वनाधिकाऱ्याशी घालून दिली. मित्र यांस संन्याशांविषयी मुळीच आदर नव्हता. हाही काहीतरी मागावयास आला असेल, अशीच त्यांची प्रथम समजूत झाली. परंतु दोन घटका संभाषण होताच ती समजूत गळून पडली आणि काही दिवसांत त्या दांपत्याने त्याच संन्याशाची दीक्षा घेतली. तो संन्यासी म्हणजे स्वामी विवेकानंद. पुढल्याच वर्षी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेस गेलेल्या स्वामीजींजवळ अधिकारपत्र नव्हते, तेव्हा हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांनी आपल्या ओळखीच्या चालकांना पत्र लिहून त्यांचा मार्ग मोकळा केला.

भावनगर, कोल्हापूर आणि बेळगाव ह्या साखळीत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, की चिठ्ठीने फक्त दार उघडले. मित्र यांचे मन जिंकले ते स्वामीजींच्या वाणीने. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचे नाव पणास लावले होते. पाहुणा लबाड निघता तर भाट्यांसमोर गोळवलकरांचा शब्द हलका झाला असता. शिफारशीला जी किंमत येते ती शाईमुळे वा कागदामुळे येत नाही; शिफारस करणाऱ्याचे काही बुडू शकते, म्हणून येते.

आपल्या पेढीवाल्यांनी हे तत्त्व फार पूर्वी ओळखले होते. शहाजोग हुंडी ही वाटेल त्याला वटविता येत नसे. बाजारात ज्याला 'शहा' म्हणजे पतवान म्हणून मान आहे, अशा गृहस्थामार्फतच तिचे पैसे मिळत. हुंडी पुढे खोटी किंवा चोरीची ठरली, तर ते पैसे व्याजासह परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई. म्हणून शहा हुंडी हाती घेण्यापूर्वी ती कोणाकडून आली याची चौकशी करी. ज्याने चौकशी न करता हात पुढे केला, तो एकदोन हुंड्यांतच शहाचा सामान्य मनुष्य होई.

छापील विद्येच्या क्षेत्रात हाच विचार निराळ्या मार्गाने आला. १८७३ साली अमेरिकेतील फ्रँक शेपर्ड याने वकिलांकरिता एक उपयुक्त युक्ती काढली. एखाद्या जुन्या निकालाचा उल्लेख पुढे कोणकोणत्या निकालांत झाला, याची नोंद असलेल्या डिंक लावलेल्या चिठ्ठ्या तो छापी आणि वकील त्या आपल्या निकालपत्रांच्या समासात चिकटवीत. आधार म्हणून घेतलेला उल्लेख आणि निकाल फिरविण्यासाठी केलेला उल्लेख यांतील भेद शेपर्डच्या पद्धतीत नोंदविला जाई, हे येथे लक्षात ठेवावे. त्या पद्धतीपासून स्फूर्ती घेऊन यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली विज्ञानातील संशोधनलेखांसाठी तशीच सूची करावी अशी सूचना मांडली आणि १९६४ पासून त्यांची विज्ञान उल्लेखसूची नियमितपणे निघू लागली. कोणत्या लेखाचा आधार इतरांनी किती घेतला, हे आता मोजता येऊ लागले.

महाजालाचा प्रसार झाला तेव्हा प्रथमची शोधयंत्रे मुख्यतः शब्द पाहत. ज्या पानावर 'तंबाखू' हा शब्द पुष्कळ वेळा आला, ते पान तंबाखूविषयीचे उत्तम पान, अशी त्यांची भाबडी समजूत असे. पानांच्या मालकांनी ती ओळखली आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवण्यास प्रारंभ केला. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन ह्या दोन विद्यार्थ्यांनी याहून चतुर रीत पुढे आणली. ती विशद करणाऱ्या निबंधावर त्यांच्यासमवेत राजीव मोटवानी आणि टेरी विनोग्राड यांचीही नावे आहेत. एखादे पान स्वतःविषयी काय म्हणते यावर सर्वस्वी विसंबून न राहता, दुसरी पाने त्याच्याकडे किती बोटे दाखवितात हे पाहावे, असा तिचा आशय. परंतु नुसती बोटे मोजावयाची नव्हती. ज्या पानाकडे स्वतः पुष्कळांनी बोट दाखविले आहे, त्याच्या बोटाला अधिक वजन. आणि जे पान शंभरांकडे बोट दाखविते, त्याचे वजन त्या शंभरांत वाटले जावयाचे. थोडक्यात, गोळवलकरांच्या एका चिठ्ठीचे मोल वाटसरूने दिलेल्या शंभर चिठ्ठ्यांपेक्षा अधिक, हा जगाचा व्यवहार त्यांनी गणितात बसविला. ह्या पद्धतीचे नाव 'पेजरँक'. तिच्यावर गूगलची उभारणी झाली.

गणित उत्तम होते. पण त्यात एक वाट मोकळी राहिली होती. भावनगरच्या दरबारासारखा दुसरा दरबार कोणाला रातोरात उभा करता येत नाही. महाजालावर मात्र नवे पान उघडण्यास खर्च जवळजवळ नाहीच. जेथे शिफारस करणारा फुकट निर्माण करता येतो, तेथे त्याचे बुडणार काय? म्हणून छावणीत चिठ्ठ्यांचे जे झाले तेच येथे दुव्यांचे झाले, आणि ते यंत्राच्या वेगाने झाले. एकाच मालकाने अनेक स्थळे काढून त्यांचे दुवे परस्परांस जोडले. त्यास 'लिंक फार्म' म्हणजे दुव्यांची शेती असे नाव पडले. तू माझे नाव घे, मी तुझे घेतो, असे करार झाले. लोकांच्या अभिप्रायवह्यांत यंत्राकरवी हजारो दुवे चिकटविण्यात आले. आणि अखेरीस दुवा हा सरळ पैशाने विकला जाऊ लागला.

२००३ साली काही मंडळींनी थट्टेखातर एकत्र येऊन 'दारुण अपयश' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बुश यांच्या चरित्रपानाचे दुवे दिले. ते शब्द शोधणाऱ्यास गूगल ते चरित्रच प्रथम दाखवू लागले. २००७ च्या जानेवारीत गूगलने यावर उपाय केला खरा, परंतु पुष्कळांनी एकच गोष्ट बोलण्याचा कट केला तर यंत्र ती खरी मानते, हे तोवर जगजाहीर झाले होते. २०१० साली तर छावणीतील त्या निंदेच्या चिठ्ठीची हुबेहूब पुनरावृत्ती झाली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एक चष्मेविक्रेता गिऱ्हाइकांशी मुद्दाम उर्मटपणे वागे. रागावलेले लोक ठिकठिकाणी त्याची निंदा लिहीत आणि ह्या गवगव्याने आपले नाव शोधात वर चढते, असे तो फुशारकीने सांगे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हे प्रकरण उजेडात आणल्यावर काही दिवसांतच गूगलने आपली रीत सुधारली. शेपर्डने १८७३ मध्ये जाणलेला भेद यंत्राच्या ध्यानी यावयास असा वेळ लागला.

२०११ च्या फेब्रुवारीत त्याच वृत्तपत्राने दुसरे प्रकरण बाहेर काढले. जे. सी. पेनी ही अमेरिकेतील जुनी, मोठी व्यापारी पेढी. पोशाखांपासून सतरंज्यांपर्यंत अनेक वस्तूंच्या शोधात तिचे नाव महिनोन् महिने अग्रभागी होते. शोध घेता असे दिसले, की कपड्यालत्त्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या हजारो पानांवर तिचे दुवे पेरलेले आहेत. हे आपल्या संमतीने झाले नाही, असे पेढीने सांगितले आणि नेमलेल्या सल्लागारांना दूर केले. पण तोपर्यंत तिचे नाव पहिल्या जागेवरून कित्येक पाने मागे फेकले गेले होते. २०१३ साली ब्रिटनमधील फुलांची विख्यात पेढी इंटरफ्लोरा हिचे नाव तेथील मातृदिनाच्या तोंडावर काही दिवस शोधातून नाहीसे झाले. प्रादेशिक वृत्तपत्रांत आलेल्या जाहिरातवजा लेखांतील दुवे हे त्याचे कारण सांगितले जाते. पैसे घेऊन छापलेली स्तुती बातमीच्या वेशात आली, म्हणजे छापणाऱ्याचीही पत जाते, हा धडा वृत्तपत्रांनाही यातून मिळाला.

शोधयंत्रांनी केलेल्या उपायांचा इतिहास पाहिला, तर तो सारा दुव्यामागे पुन्हा जोखीम उभी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे असे दिसते. २००५ च्या जानेवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 'नोफॉलो' ही खूण मान्य केली. दुवा आहे, पण ही आमची शिफारस नव्हे, असे तिने सांगता येते. २०१९ मध्ये पैसे घेऊन दिलेल्या आणि वाचकांनी लिहिलेल्या दुव्यांसाठी वेगळ्या खुणा आल्या. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने 'पेंग्विन' नावाची कडक चाळणी लावली. इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर तिचा परिणाम झाल्याचे त्या कंपनीने सांगितले. चाळणी कडक झाली की सुक्याबरोबर ओलेही जळते. ज्यांनी कोणा सल्लागारावर विश्वासून पैसे मोजले होते आणि त्याने काय केले हे ज्यांस ठाऊकही नव्हते, असे कितीतरी लहान दुकानदार तिच्यात सापडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, नको असलेले दुवे आपले नव्हेत असे कळविण्याची सोय झाली. २०१६ पासून अशा दुव्यांसाठी सबंध स्थळास दंड करण्याऐवजी ते दुवेच हिशेबातून वगळण्याकडे पेंग्विनचा कल झाला. उसनी चिठ्ठी दाखविणाऱ्यास तुरुंगात न टाकता ती चिठ्ठी केराच्या टोपलीत टाकावी, तसेच हे झाले. पैसे मात्र गेले ते गेलेच.

मग योग्य मार्ग कोणता? ह्या इतिहासातच त्याचे उत्तर आहे. बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती हे १२०४ साली रट्टांच्या काळात बांधलेले जैन मंदिर घ्या. त्याविषयी कोणी नीट पाहून लिहिले, शिलालेखाचा आशय दिला, छताच्या कमळाची चांगली छायाचित्रे दिली आणि मंदिरास जाण्याची वाट सांगितली, तर शाळामास्तर, प्रवासी आणि अभ्यासक त्या पानाकडे आपण होऊन बोट दाखवतील. अशा दुव्यास वेळ लागतो. पण तो कोणत्याही चाळणीतून पडत नाही. आपण ज्यांचे खरोखर सभासद, विद्यार्थी वा पुरवठादार आहो, त्या संस्थांस आपले नाव नोंदवावयास सांगणे यातही गैर काही नाही. भाट्यांकडे जाण्यासाठी गोळवलकरांजवळ चिठ्ठी मागण्यासारखेच ते आहे. जाहिरात द्यावी, पण तिला जाहिरात म्हणावे. जुना पत्ता बदलला तर टपालखात्याप्रमाणे आलेल्यास नव्या पत्त्यावर पोचविण्याची तजवीज ठेवावी. १ नोव्हेंबर २०१४ पासून ह्या शहराचे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले. त्या वेळी ज्यांनी आपल्या स्थळाचे पत्ते बदलले आणि जुने तसेच मोडून टाकले, त्यांनी वर्षानुवर्षे मिळविलेल्या चिठ्ठ्या आपल्याच हाताने फाडल्या असे म्हणावे लागेल. आणि कोणी ठरावीक रकमेत हजार दुवे देऊ म्हणाला, तर हुंडी हाती घेणाऱ्या शहाचा प्रश्न त्यास विचारावा: ह्या चिठ्ठ्या लिहिणारे कोण, आणि त्या खोट्या ठरल्या तर त्यांचे काय बुडणार?

एक दोष मात्र असा आहे, की तो कोणत्याही चाळणीने जाणार नाही, आणि मराठीत तो विशेष आढळतो. आपल्याकडे दुवे विकत घेण्यापेक्षा हक्काचा दुवा न देण्याचे पाप अधिक घडते. कोणी श्रमाने लिहिलेला मजकूर लेखकाचे नाव पुसून पुढे धाडला जातो. दहा ठिकाणी तो छापून येतो आणि मूळ पान कोणते हे कोठेच कळत नाही. ज्या भाषेत पाने थोडी आहेत, तिच्यात एकेका प्रामाणिक दुव्याचे मोल मोठे असते. तो न दिल्याने नुकसान केवळ त्या लेखकाचे होत नाही. औषधाची, शिष्यवृत्तीची वा आपल्या गावाच्या इतिहासाची माहिती मराठीत शोधणाऱ्या मुलापुढे खरे पान येण्याऐवजी विकत घेतलेल्या चिठ्ठ्यांचे पान प्रथम येते, आणि ते मूल त्यालाच खरे समजते.

'चिठ्ठी' हा शब्द उचलून इंग्रजाने त्याची 'चिट' केली, आणि छावणीच्या व्यवहारात तिची पत दोन पैशांवर आली. त्याच छावणीपासून हाकेच्या अंतरावर, गावातल्या एका वकिलाच्या घरी, एका साध्या चिठ्ठीने एका अनोळखी संन्याशाला आसरा मिळवून दिला. दोन्ही चिठ्ठ्या कागदाच्याच होत्या. एकीच्या खाली सही होती आणि दुसरीच्या सहीमागे माणूस उभा होता, एवढाच त्यांच्यात भेद.